खापरावर नंबर कोण घालतं? विद्यापीठाचं संग्रहालय आणि विद्यार्थ्याचं काम

विषय आपल्याला कळवलेला आहेच: विद्यापीठाच्या संग्रहालयात विद्यार्थ्यानं प्रत्यक्ष काम करणं. विषय कळवताना आम्ही ‘प्रशिक्षण’ हा शब्द मुद्दाम टाळला, ‘इंटर्नशिप’ हाही टाळला, आणि साधा ‘काम’ हा शब्द घेतला. कारण या सगळ्या प्रकारात काम म्हणावं असं नेमकं काय असतं, हेच आज तपासायचं आहे. व्याख्यान टीकेचं आहे. एखादं नाटक किंवा पुस्तक आपण कसोट्या लावून पाहतो, तसंच एका शिक्षणपद्धतीकडे पाहायचं, असा आमचा विचार आहे.

हा विषय आत्ताच का घेतला? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रप्रकल्प आला. त्याला श्रेयांक ४. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर झाले १२० तास. इतिहास, पुरातत्त्व, प्राच्यविद्या, कला अशा विषयांची मुलंमुली या १२० तासांसाठी जागा शोधू लागली आणि साहजिकच संग्रहालयांच्या दारात येऊन उभी राहिली. संग्रहालयवाले विचारतात, “यांना काय काम द्यायचं?” मुलं विचारतात, “सर्टिफिकेट कधी मिळेल?” दोघांचेही प्रश्न खरे आहेत, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण या दोन प्रश्नांच्या मधे तिसरा एक प्रश्न आहे, तो मात्र राहून जातो. हे १२० तास संपल्यावर तिथल्या वस्तूंचं काय झालं? त्या आधीपेक्षा बऱ्या अवस्थेत आहेत का? आजच्या बोलण्यात आम्ही याच प्रश्नाला धरून राहणार आहोत.

आधी विद्यापीठाचं संग्रहालय म्हणजे काय ते बघू. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन १६८३ मध्ये उघडलं, तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठानं १९३७ मध्ये आशुतोष संग्रहालय सुरू केलं. बनारसचं भारत कला भवन १९२० मध्ये राय कृष्णदासांनी उभारलं आणि १९५० मध्ये ते हिंदू विद्यापीठाकडे आलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे. आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं. तिथं ह. धी. सांकलिया यांच्या हाताखाली उत्खननं होत गेली आणि त्या उत्खननांतून आलेल्या वस्तूंचं संग्रहालय वाढत गेलं.

या संग्रहालयांची एक खासियत असते. तिकीट काढून आलेल्या माणसाला जे बघायचं असतं, ते तिथं थोडंच असतं. कपाटांत आणि खोक्यांत असतं ते निराळंच. फुटक्या मडक्यांची खापरं, दगडाच्या छिलक्या, हाडांचे तुकडे, जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे, भट्टीतली मळी. सजवून मांडलं तर कोणी पाच मिनिटं थांबणार नाही, असा हा माल. पण शिकायला हाच लागतो. डौलदार मूर्ती लांबून बघून तिच्याबद्दल बोलता येतं. खापराबद्दल बोलायचं तर ते हातातच घ्यावं लागतं.

आता हे खापर संग्रहालयात येतं कसं, ते पायरीपायरीनं बघू. आजचा सगळा मुद्दा या पायऱ्यांवर उभा आहे.

उत्खननात खड्ड्याच्या एका थरातून खापरं निघतात. ती त्या थराच्या टोपलीत जातात आणि टोपलीला चिठ्ठी बांधली जाते: गाव, वर्ष, खड्डा, थर, खोली, तारीख. मग धुणं. धुताना दोन टोपल्या एकमेकींत मिसळल्या की झालं, दोन थरांची माहिती कायमची गेली. मग वाळवणं. मग निवडणं: काठ कुठले, गळा कुठला, बूड कुठलं, तोटी कुठली. जोर्वे पद्धतीचं खापर असेल तर तांबड्या-नारिंगी अंगावर काळी चित्रं असतात, आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्या गावाचंच नाव या भांड्यांना मिळालं. तर निवडून झालं, की नंबर घालायचा. बारीक टाकानं, खापराच्या आतल्या बाजूला. चित्र असलेल्या बाजूला नाही. फुटलेल्या कडेवर तर अजिबात नाही, कारण उद्या दुसरा तुकडा नेमका त्याच कडेला जुळायचा असतो. नंबराखाली आणि नंबरावर पातळ पारदर्शक लेप द्यायचा, म्हणजे शाई टिकते आणि वेळ आली तर खापराला इजा न होता निघतेही. पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून आज या कामाला सर्रास वापरतात. मग चित्र काढायचं: काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून मूळ भांड्याचा व्यास काढायचा, अर्ध्या बाजूला छेद, अर्ध्या बाजूला बाहेरचं रूप. आणि शेवटी नोंदवही.

एवढा उपद्व्याप कशासाठी? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात तिथं ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचं उत्खनन झालं. तिथं लहान मुलांची दफनं सापडली. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल, आणि हे सगळं घराच्या जमिनीखाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी आपलं गेलेलं मूल घराबाहेर जाऊ दिलं नाही, असं आपण त्यावरून म्हणतो. पण हे आपल्याला कुंभ सांगत नाही. काचेच्या कपाटातला कुंभ हा नुसता कुंभ आहे. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून, हे सांगते ती त्या दिवशी कोणीतरी केलेली नोंद. नोंद गेली तर हे आईबापही गेले. त्यांची माहिती मिळायची दुसरी काही सोय नाही, कारण उत्खनन ही अशी चीज आहे की तीच जागा दुसऱ्यांदा खणता येत नाही.

म्हणून खापरावर नंबर कोण घालतं, या प्रश्नाला एवढं वजन आहे. संग्रहालयाचं सगळं ज्ञान त्या मिलिमीटरभर उंचीच्या अक्षरांवर टांगलेलं असतं. आणि गंमत बघा, हे काम परंपरेनं कोणाकडे येतं? सगळ्यात नव्या माणसाकडे. विद्यार्थ्याकडे.

यात एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही, ती इथंच सांगून टाकतो. खापरं धुण्याचं, वाहण्याचं, पुष्कळ वेळा निवडण्याचंही काम त्या त्या गावच्या रोजंदारीवरच्या बायामाणसांनी केलेलं असतं. एखाद्या हंगामात रोज टोपल्या धुणाऱ्या बाईची नजर अशी तयार होते, की ‘हा तुकडा कालच्या टोपलीतल्या त्या तुकड्याचा’ हे ती शहरातून आलेल्या विद्यार्थ्याच्या आधी सांगते. हाताचा अनुभव म्हणाल तर तो तिच्याकडे विद्यार्थ्यापेक्षा जास्त आहे. मग तिच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? एकच. टाक त्याच्या हातात आहे. नोंद तो करतो. म्हणजे नुसता हात मळवणं याला आपण विद्यार्थ्याचं शिक्षण म्हणू शकत नाही. तसं म्हटलं तर त्या बाईला आपण पदवी का देत नाही, याचं उत्तर द्यावं लागेल. हातानं जे कळलं ते आपल्या जबाबदारीवर लिहून ठेवणं, आणि चुकलं तर कोणीतरी ते दाखवून देणं, तिथून शिक्षण सुरू होतं.

आपल्याकडच्या उत्खननांत ही शिस्त कुठून आली, तेही थोडक्यात पाहू. मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षणाची शाळा भरवली. बी. बी. लाल, बी. के. थापर ही पुढची मोठी नावं तिथूनच आली. सांकलिया त्याआधीच, लंडनला शिकत असताना, व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून आले होते. थराला धरून खणायचं, थराला धरून नोंद करायची, ही शिस्त त्यांनी पुण्यात आणली. आम्हाला सांकलियांचं मोठेपण जाणवतं ते आणखी एका गोष्टीत: खणलेलं प्रसिद्ध करण्याची घाई. नाशिक आणि जोर्वे इथलं उत्खनन १९५०-५१ चं, अहवाल १९५५ चा. नेवाशाचं १९५४ ते ५६ चं, अहवाल १९६० चा. विद्यार्थ्यानं खापरावर घातलेला नंबर पाच-सहा वर्षांत छापील पानावर दिसायचा. आपलं काम कुठं जाऊन पोचलं, हे त्याला कळायचं. आज पुष्कळ ठिकाणी उत्खनन आणि अहवाल यांत एवढं अंतर पडतं, की नंबर घालणारा विद्यार्थी तोवर निवृत्तीला येतो.

आता आपण जरा परदेशात जाऊ. कारण विद्यार्थ्यांना संग्रहालयात काम शिकवण्याचा विषय निघाला, की एका उदाहरणाचं कौतुक हमखास होतं, आणि तेही आपण कसोटीला लावायला हवं. ते उदाहरण आहे हार्वर्ड विद्यापीठाचं. फॉग हे त्या विद्यापीठाचं कलासंग्रहालय. तिथं पॉल सॅक्स यांनी १९२१ मध्ये संग्रहालयाच्या कामाचा एक वर्ग सुरू केला आणि तो १९४८ पर्यंत चालवला. सॅक्स हे गोल्डमन सॅक्स या पेढीच्या घराण्यातले. पेढी सोडून संग्रहालयात आले. वर्ग कधी संग्रहालयात भरे, कधी सॅक्स यांच्या राहत्या घरी. तिथं चित्रं, कांस्यमूर्ती विद्यार्थ्यांच्या हातात दिल्या जात. संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड फोर्ब्स तर विद्यार्थ्यांना जुन्या पद्धतीनं रंग घोटायला, गिलावा करून त्यावर चित्र काढायला लावत. त्या वर्गाला मुलं चेष्टेनं ‘अंडं आणि प्लास्टर’ म्हणत, कारण रंगात अंड्याचा बलक घालायचा. १९२७ मध्ये फॉगची नवी इमारत झाली. त्यात दालनं, वर्ग आणि प्रयोगशाळा एकाच छपराखाली आल्या. गेटन्स हे रसायनतज्ज्ञ आणि जॉर्ज स्टाउट हे जतनतज्ज्ञ तिथंच काम करत.

परिणाम? सॅक्स यांचा विद्यार्थी आल्फ्रेड बार वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९२९ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचा पहिला संचालक झाला. जेम्स रोरिमर पुढं मेट्रोपॉलिटनचे संचालक झाले. अमेरिकेतल्या कितीतरी संग्रहालयांच्या खुर्च्यांवर या वर्गातली माणसं बसली. यश म्हणायचं तर हे यश आहेच, आम्ही नाकारत नाही. पण नीट बघा. हे यश मोजलं जातं ते ‘कोण कुठल्या खुर्चीवर बसलं’ यावर. या वर्गात वस्तूबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली जात होती: ओळखी. कोणता संग्राहक कोणाचा, कोणता विक्रेता विश्वासाचा, कोणाच्या घरी जेवायला बोलावणं येतं. वस्तू हातात घेण्याची संधी ज्याला मिळाली, तो बहुतेक आधीच त्या जगातला होता. त्यामुळे हार्वर्डचं उदाहरण देताना आम्ही दोन वाक्यं वेगळी ठेवू. वस्तू, प्रयोगशाळा आणि वर्ग एका ठिकाणी आणले, हे घेण्यासारखं. दार फार थोड्यांसाठी उघडं ठेवलं, हे टाकण्यासारखं.

या दोन्ही उदाहरणांतून आम्हाला तीन कसोट्या सापडतात. कुठल्याही विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या कुठल्याही ‘प्रत्यक्ष अनुभवाला’ त्या लावून बघा.

पहिली: विद्यार्थ्यानं स्वतः ठरवून काही लिहिलं का, आणि ते संग्रहालयाच्या नोंदीत शिरलं का? दुसरी: त्यानं लिहिलेलं एखाद्या जाणत्या माणसानं तपासून परत दिलं का? तिसरी: हे सगळं करणं कोणाला परवडलं?

आता आपल्या १२० तासांकडे परत येऊ. असे कितीतरी अहवाल आमच्या नजरेखालून गेले आहेत. सुरुवातीला संग्रहालयाचा इतिहास, तो माहितीपत्रकातून उतरवलेला. मग संग्रहालयशास्त्र म्हणजे काय, याच्या व्याख्या. मग रोजची डायरी: आज दालनाची पाहणी केली, आज शाळेची सहल आली तिला माहिती दिली, आज कार्यक्रमाच्या तयारीत मदत केली, आज समाजमाध्यमांसाठी रील केला. शेवटी फोटो, त्यात विद्यार्थी वस्तूशेजारी उभा. साठ पानं वाचून झाल्यावर लक्षात येतं, की एकाही वस्तूचं वर्णन यात नाही. एकही माप नाही. सहलीला माहिती देणं हलकं काम आहे असं आम्हाला म्हणायचं नाही. मुलांना खिळवून ठेवायला कसब लागतं. पण जी वस्तू आपण एकदाही मोजली नाही, तिच्याबद्दल आपण मुलांना काय सांगतो? भिंतीवरच्या पाटीवर जे आहे तेच. पहिल्या कसोटीवर हा अनुभव तिथंच संपतो.

यावर संग्रहालयातल्या मंडळींचा आक्षेप असतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, “मुलांच्या हाती वस्तू द्यायच्या, आणि फुटली तर? गेली तर? सही आमची असते.” खरं आहे. त्यांची भीती खोटी नाही. आपल्या घरांत दिवाळीच्या आधी पितळी समई चिंचेनं घासून लख्ख करतात. त्याच भावनेनं एखाद्या उत्साही मुलानं संग्रहालयातली तांब्याची वस्तू घासली, तर शेकडो वर्षांत तयार झालेला तिचा वरचा थर पाच मिनिटांत जातो, आणि तो पुन्हा आणता येत नाही. कांशाच्या मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती धूळ नसते. ते कांस्यरोगाचं लक्षण असतं, क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात असल्या वस्तूंवर नजर ठेवावी लागते. तिथं फडकं मारायचं नसतं, जाणकाराला बोलवायचं असतं. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतो: विद्यार्थ्यानं वस्तू साफ करायची नाही, डागडुजी तर मुळीच करायची नाही. त्याचं काम बघणं, मोजणं, लिहिणं. ‘डाव्या खांद्यावर फिकट हिरवी भुकटी, अंदाजे दोन सेंटिमीटर, अमुक तारखेला पाहिली’ ही एक ओळ त्यानं लिहिली, तर त्या मूर्तीचं त्यानं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्याच फडक्यानं होणार नाही.

आणि हात लावायला शिकवता येतं. दोन्ही हातांनी उचलायचं, कानाला किंवा काठाला धरून नाही. आधी ठेवायची जागा मोकळी करायची, मग वस्तू उचलायची. टेबलावर मऊ पाठ हवी. वस्तूजवळ पेन नाही, शिसपेन्सिल. अंगठ्या, लोंबणाऱ्या माळा, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवायचं. धातूला हातमोजे घालून. जुन्या कागदाला पुष्कळदा स्वच्छ कोरडे हातच बरे, कारण मोज्यातून कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. सुरुवात अर्थातच चोळ कांस्यमूर्तीपासून करायची नाही. शेतात पृष्ठभागावर सापडलेली, थराचा पत्ता नसलेली खापरं प्रत्येक पुरातत्त्व विभागात पोत्यांनी असतात. त्यांच्यावर हात बसू द्यावा.

आता थोडा हिशेब मांडू. हिशेब आमचा आहे, कोणी जागेवर वेगळा मांडावा. १२० तासांतले ४० तास शिकण्यात जाऊ देत. राहिले ८०. एका वस्तूची चोख नोंद करायला पाऊण तास, आणि ती तपासून घेऊन दुरुस्त करायला जवळजवळ तेवढाच वेळ धरला, तर एका विद्यार्थ्याच्या हातून पन्नासेक वस्तू होतात. पन्नास! ऐकायला थोडं वाटतं. पण दरवर्षी सहा विद्यार्थी आले तर तीनशे. नोंदी अर्धवट राहिलेल्या लहान संग्रहालयाला हे थोडं नाही.

चोख नोंद म्हणजे काय, यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. १९९७ पासून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय नमुना आहे, पोलीस आणि संग्रहालयं दोघंही तो वापरतात. फोटो, वस्तूचा प्रकार, कशाची केली, मापं, वर लिहिलेलं काही, ओळखीच्या खुणा, काळ, करणारा, अशा गोष्टी त्यात विचारल्या आहेत. यातली ‘ओळखीच्या खुणा’ ही जागा आम्हाला फार महत्त्वाची वाटते. चीर कुठं आहे, टवका कुठं उडाला आहे, जुनी डागडुजी कुठं दिसते. एकाच साच्यातून आलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखू येतात त्या त्यांच्या जखमांवरून. वस्तू चोरीला गेली, उद्या कुठल्या तरी लिलावात दिसली, तर ‘ही आमची’ हे सिद्ध करायला फोटो आणि या खुणा लागतात. पुरावशेषांसाठी आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. पण कायद्याला हातात धरायला कागद हवा, आणि तो कागद कोणीतरी आधी लिहून ठेवलेला असावा लागतो.

संगणकावर सगळं चढवलं की हा प्रश्न सुटेल, असं पुष्कळांना वाटतं. पुण्याच्या सी-डॅकनं ‘जतन’ नावाची प्रणाली केली, देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या वस्तू त्यावर आल्या. चांगलंच झालं. पण संगणकाच्या चौकटीत भरायला मजकूर कुठून येणार? जुन्या नोंदवहीतून. तिथं ‘मातीचे भांडे, फुटके, नग १’ एवढंच असेल तर पडद्यावरही तेवढंच दिसेल. विद्यार्थ्याला नोंदवही नुसती स्कॅन करायला बसवणं आणि वस्तू समोर घेऊन नोंद पुरी करायला बसवणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता दुसरी कसोटी: तपासणारं माणूस. इथं आमची टीका संग्रहालयांपेक्षा त्यांना चालवणाऱ्यांवर जास्त आहे. पुष्कळ ठिकाणी संग्रहालय एका माणसाच्या जिवावर चालतं. तोच अभिरक्षक, तोच भांडारपाल, तोच पाहुण्यांना दालनं दाखवणारा, आणि पावसाळ्यात छत गळलं की बादल्या ठेवणाराही तोच. अशा माणसाला सहा विद्यार्थी देऊन ‘शिकवा’ म्हणणं हा दोघांवरही अन्याय आहे. आणि न तपासलेली नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा घातक असते. नंबर नसलेलं खापर आपल्याला सांगतं, ‘माझ्याबद्दल काही माहीत नाही.’ चुकीचा नंबर असलेलं खापर खोटं सांगतं, आणि आपण ते खरं मानून पुढं लिहीत जातो. म्हणून विद्यापीठानं विद्यार्थ्यांना १२० तास दिले, तर तपासणाऱ्यालाही त्याच्या कामाच्या वेळेत ते तास दिले पाहिजेत. प्राध्यापकाच्या कार्यभारात जसे तासिकांचे तास धरतात, तसे हे धरावेत. अन्यथा हे शिकवणं कोणाच्या तरी सदिच्छेवर चालणार, आणि ती व्यक्ती बदलली की थांबणार.

तिसरी कसोटी पैशाची. ती शेवटी घेतली, पण ती काही कमी महत्त्वाची नाही. विद्यार्थ्याला या कामाचे बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. शहरात घर असलेल्या मुलाला ते चालून जातं. पण तालुक्याच्या गावाहून येणारी मुलगी, जी संध्याकाळी शिकवण्या घेऊन खोलीचं भाडं भरते, तिनं महिनाभर दिवसाचे पाच तास फुकट कसे द्यायचे? मग ती जवळचा, सोपा, नुसता कागदावरचा पर्याय निवडते, आणि वस्तूपर्यंत पोचतच नाही. हार्वर्डच्या वर्गाबद्दल आपण मघाशी बोललो. तिथं दार पैशानं अरुंद झालं होतं. आपण श्रीमंत न होताच तेवढंच अरुंद दार बांधून बसलो आहोत. यात नुकसान फक्त त्या मुलीचं नाही. इनामगावच्या बाजूच्या गावातून आलेल्या मुलीला मडक्याच्या काठावरून, बुडावरच्या काजळीवरून, दळणाच्या दगडाच्या झिजेवरून जे चटकन दिसेल, ते शहरातल्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागतं. ज्यांच्या घरी चुलीवरची मडकी परवापर्यंत होती, त्यांनाच आपण मडक्यांपासून लांब ठेवतो. एसटीचा पास, दुपारचं जेवण आणि थोडं विद्यावेतन, एवढी तरतूद कुठल्याही विद्यापीठाला जड नाही. उद्घाटनाच्या एका मांडवाच्या खर्चात ती बसते.

मग आम्ही सुचवतो काय? तीनच गोष्टी, आणि तिन्हींना नवी इमारत लागत नाही. एक, संग्रहालयाच्या नोंदवहीत दोन रकाने वाढवा: ‘नोंद कोणी केली’ आणि ‘कोणी तपासली’. विद्यार्थ्याचं नाव तिथं राहू द्या. वीस वर्षांनी त्या नोंदीत चूक सापडली तर कोणाच्या नजरेतून ती आली हे कळेल, आणि बरोबर निघाली तर श्रेय मिळेल. उत्खननाच्या जागी खापरं निवडणाऱ्या गावकऱ्यांची नावंही त्याच रकान्यात यायला हरकत नाही. दोन, अहवालाच्या साठ पानांऐवजी विद्यार्थ्याकडून पन्नास वस्तूंच्या नोंदी घ्या, आणि गुण त्यांनाच द्या. तपासणाऱ्यानं केलेल्या लाल खुणांसकट. तीन, ज्याला पैसे परवडत नाहीत त्याला पैसे द्या.

आम्ही हे सगळं संग्रहालयांच्या प्रेमापोटी बोलतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. विद्यापीठाच्या संग्रहालयात जाल तेव्हा दालनातली सुंदर वस्तू जरूर बघा. मग तिथल्या माणसाला एवढंच विचारा, की मागच्या वर्षी विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी दाखवाल का? काही ठिकाणी वही पुढं येईल. काही ठिकाणी माणूस गप्प होईल. जिथं वही येईल तिथं थोडा वेळ बसा, ती उलटून बघा, आणि ज्या पोरानं किंवा पोरीनं ती लिहिली त्यांना भेटता आलं तर भेटा.

इथं आमचं बोलणं थांबवतो. आता आपले प्रश्न घेऊ. विशेषतः ज्यांनी हे १२० तास प्रत्यक्ष केले आहेत, त्यांनी आधी बोलावं अशी विनंती आहे.